रिहाबची बाजू

‘‘जाड होण्याची भीती वाटते?’’

‘‘नाही.’’

‘‘वेगळं बसून खावंसं वाटतं?’’

‘‘हो.’’

‘‘अन्न लपवतेस?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

एकोणीस वर्षांची रिहाब खिडकीकडे बघत राहिली. डॉक्टर नाजींनी कागदावर लिहिलं, ‘खरं सांगत नाही.’ दुपारी अन्नासाठी नाकातून नळी घालायची असं सांगून ते निघून गेले. नळीचं नाव ऐकताच पोर कान झाकून डोलायला लागली. गेल्या खेपेला चौघांनी दाबून धरून घातलेली नळी तिने रक्तासकट उपटून काढली होती.

सालहाने तिला हलकेच काट्यावर उभं केलं. चौतीस किलो. स्फाक्स शहरातल्या या रुग्णालयात सव्वीस वर्षं सालहा वजनं करत होती, आणि वजन करणाऱ्या बाईला मत विचारायची तिथे पद्धत नव्हती. फाइलच्या दुसऱ्याच पानावर ‘ऑटिझम’ असं लिहिलेलं. ते पान उलटायला कुणाला वेळ झाला नव्हता. प्रश्नांचा कागद जाड होण्याच्या भीतीनं न खाणाऱ्या, दुसऱ्याच पोरींसाठी छापलेला. उत्तर त्यात बसलं नाही की खोटारडी कोण? पोर!

सालहाने ‘का’ विचारलंच नाही.

‘‘घरी सगळे एका परातीत जेवता ना? तुझी बाजू कुठली गं? काढून दाखव.’’

रिहाबने पेन घेतलं. मोठा गोल काढला, त्यात तिची एक फाक, आणि फाकेत घुसणारे बाणच बाण.

‘‘हे काय?’’

‘‘आईचा चमचा. मांस सरकवते. रस्सा येतो. मग माझी बाजू माझी राहत नाही. मांस मी खिशात टाकते. नाहीतर आई रडते.’’

खाटेशी बसलेली तिची आई बेया तडकली. ‘‘अगं बाई! चांगला तुकडा लेकराकडे नाही सरकवायचा, तर काय शेजारणीकडे? माझ्या आईनं मला सरकवला! वेगळं ताट द्यायला ती काय वाळीत टाकलीय?’’

‘‘बेयाताई, दुपारी नळी घालणार आहेत, तीही तिच्या भल्यासाठीच.’’

बेयाने त्या बाणांवरून बोट फिरवलं.

सालहाने रव्याच्या दाण्यांचा कोरडा कुसकुस आणला, रस्सा नाही, काही नाही. ताट ठेवलं आणि पाठ करून बसली. वळली तेव्हा ताट अर्धं रिकामं होतं.

दुपारी नळी घालायला आलेले डॉक्टर भडकले. ‘‘कुणाला विचारून?’’

‘‘तिला विचारून.’’

नाजींनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘‘रक्त तपासा. इतक्या उपासानंतर थोडंथोडंच द्या,’’ म्हणाले. नळी ट्रेमध्येच राहिली. फाइलमध्ये त्यांनी लिहिलं, ‘रुग्णाने सहकार्य केले.’ सालहाचं नाव कुठेच नव्हतं. तिने ते वाचलं आणि पुढच्या खाटेकडे काटा ढकलला.

दुसऱ्या दिवशी बेया दोन डबे घेऊन आली. मायलेकी समोरासमोर बसल्या, आपापल्या डब्यात बघत. बेयाने सवयीने मऊसा तुकडा चमच्यावर घेतला, हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. रिहाब खात होती. बेयाने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.