फराळ घेऊन गेलेला राखेचा डबा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. पाच किलोचा, घट्ट झाकणाचा. हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला आणि सियालदहच्या बाजारातून वृंदाने घरी आणलं. लाडू-चकल्यांचं घर मिळालं म्हणून मी खूश होतो. पहिल्याच दिवशी तिने माझ्यात राख ओतली!

त्याचं असं झालं. वृंदाचे यजमान जयप्रकाश बँकेच्या बदलीने कोलकात्याला आले. गॅसवरच्या भाकरीला चव नाही, हे त्यांचं जुनं रडगाणं. म्हणून त्यांनी मागच्या गॅलरीत पेलेटची शेगडी आणली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटभर कांड्या तिच्यात जळतात, खाली विजेचा छोटा पंखा असतो. भाकरी झकास होते. राख मात्र वृंदाने काढायची. हौस त्यांची आणि ब्रश हिच्या हाती, यात नवीन काहीच नव्हतं.

वृंदाचे नियम कडक. रात्रीची शेगडी सकाळी साफ करायची. आधी पंख्याची पिन काढायची, मग कोरड्या ब्रशने राख माझ्यात. झाकण घट्ट लावून मला फरशीवर ठेवायचं, पेलेटच्या पोत्यापासून लांब. व्हॅक्यूम क्लीनर तर तिने राखेजवळ कधी फिरकू दिला नाही. दोन दिवस मला रिकामं करायचं नाही, तोवरची नवी राख लोखंडी घमेल्यात थांबायची. मलाही या कामाचा अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीला साताऱ्याहून तिच्या सासूबाई आल्या, निर्मलाताई. फराळ वाटता वाटता डबे संपले, तेव्हा त्यांनी मला घासून लखलखीत केलं.

"अहो आई, तो राखेचा आहे," वृंदा म्हणाली.

"राखेनेच तर जन्मभर भांडी घासली आपण. उद्या येईल की परत."

सणासुदीला वाद नको म्हणून वृंदाने मला जाऊ दिलं. मी चकल्या घेऊन खालच्या मजल्यावर श्यामसुंदरबाबूंकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा चकली! मी अगदी हुरळून गेलो.

चकल्या दुसऱ्याच दिवशी फस्त झाल्या. पण शेजाऱ्यांचा डबा रिकामा कसा परत करायचा? नारळाचे लाडू करू आणि मग देऊ, असं म्हणता म्हणता चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी श्यामसुंदरबाबू मला घेऊन जिना चढले. ते पूर्वी बजबजच्या ज्यूट मिलमध्ये बॉयलरवर होते. वृंदाने दार उघडताच त्यांनी हवा हुंगली. "बेटी, कुछ जल रहा है."

गॅलरीत धूर होता. पाहुणे येणार म्हणून निर्मलाताईंनी दुपारचीच राख काढली होती. वरून हात लावून पाहिला, गार लागली. मी जागेवर नव्हतो, घमेलंही भरलेलं होतं, म्हणून ती मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पोत्याला टेकवून ठेवली. आता खोकं तळातून धुमसत होतं, पोत्याचा कोपरा काळा पडला होता आणि गॅलरीला लागूनच्या खोलीत वृंदाची चार वर्षांची लेक आभा झोपली होती.

वृंदा बादली घेऊन धावली.

"पानी अभी नहीं! पंखे का तार लगा है! पहले बच्ची को हटाओ!" बाबू ओरडले.

निर्मलाताईंनी आभाला उचलून बाहेर नेलं. वृंदाने पिन काढली. बाबूंनी पोतं ओढत मोरीत नेऊन नळाखाली धरलं. वृंदाने मला पालथं करून लाडू टेबलावर ओतले, चिमट्याने ते खोकं माझ्यात कोंबलं आणि झाकण दाबलं. माझं अंग पोळून निघालं. बऱ्याच वेळाने आतली धग निवली.

निर्मलाताई आभाला छातीशी धरून रडत होत्या. "माझंच चुकलं गं."

"नाही आई, डबा मीच जाऊ दिला," वृंदा म्हणाली.

"छाई, ये राख, ऊपर से ठंडा, भीतर में आग रहता है," बाबू हळूच म्हणाले. "मिल में भी आदमी इसी में धोखा खाता था."

साताऱ्याला निघण्याआधी निर्मलाताईंनी लाल रंगाने माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत 'राख' असं लिहिलं. आता फराळाला मला कुणी नेणार नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण रोज सकाळी आभा त्या गॅलरीत भातुकली मांडते आणि मी कोपऱ्यात बसून तिची बडबड ऐकतो. तुम्ही कधी आलात तर एवढंच करा. मी कितीही गार दिसलो, तरी दोन दिवस झाल्याशिवाय माझं झाकण उघडू नका.