दुसऱ्यांदा विचारल्यावर

आइविंदने मुद्दाम बिघडवलेली डिस्क यंत्रात सरकवली आणि खुर्ची बाजूला घेऊन टोरुनला जागा करून दिली. स्वयंपाकघरातून शुक्रवारच्या वाफल्सचा वास येत होता, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.

ट्रॉनहाइममधल्या त्या लहानशा कंपनीत डेटाबेसचं काम टोरुन बघायची. उत्तरेकडच्या एका प्रसूतिगृहाचे सकाळभराचे रक्ताचे रिपोर्ट गायब झाले होते आणि ते साठवणारा भाग आइविंदने लिहिला होता. प्रोग्रॅम मात्र छातीठोकपणे सांगत होता, सगळं डिस्कवर पोचलं. वरिष्ठांना आज उत्तर हवं होतं. आइविंदला या कामावरून काढायचं, हे टोरुनने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तसाही ऑक्टोबरपासून त्याचा कशात जीव नव्हता. दाढी वाढलेली, रोज तोच स्वेटर.

“मेमरीच्या पानावर काही लिहिलं की केर्नेल, यंत्र चालवणारा गाभा, त्याला मळकं म्हणतो,” तो म्हणाला. “डिस्कवर उतरलं की स्वच्छ.”

“हे मला शिकवतोस?”

“आता डिस्क नकार देईल. बघ.”

पडद्यावर लाल ओळ उमटली. प्रोग्रॅमने केर्नेलला पुन्हा विचारलं, पोचलं का? उत्तर आलं, पोचलं.

टोरुनने डिस्क वाचून पाहिली. तिच्यावर काहीच नव्हतं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने सगळं पहिल्यापासून केलं, आणि या खेपेला पानाची खूणही उघडून ठेवली. मळकं. मग नकार. मग स्वच्छ.

“लिहिता आलं नाही, तरी स्वच्छ?”

“एकदा तक्रार केली ना केर्नेलने. तेवढंच तो सांगतो. पुन्हा विचारायला जाशील तर त्याच्या लेखी मळकं पान उरलेलंच नसतं.”

अडलं तर पुन्हा विचार, हे टोरुननेच त्याच्याकडून प्रोग्रॅममध्ये लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं, इतक्या ठिकाणी त्यांचा प्रोग्रॅम त्या दुसऱ्या उत्तरावर निश्चिंत बसला होता.

“मग करायचं काय?”

“दुसऱ्यांदा विचारायचंच नाही. जुन्या नोंदी आहेत, तिथपासून सगळं पुन्हा लिहून काढायचं.”

टोरुनने वरिष्ठांना फोन लावला आणि चूक आइविंदची नाही, आपली असल्याचं सांगून टाकलं. तिने फोन ठेवला तेव्हा आइविंद जॅकेट चढवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूणही नव्हती.

आइविंदची बायको मार्ते मुलीला घेऊन बूदोला निघून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी टोरुनने त्याला कसा आहेस म्हणून विचारलं होतं. “बरं नाही, टोरुन,” तो म्हणाला होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मग केव्हातरी कॉफी ओतताना तिने पुन्हा विचारलं, तो ठीक आहे म्हणाला, आणि तिला हायसं वाटलं. त्यानंतर तिने विचारलंच नाही.

बरा आहेस ना, हे आताही तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, उठून दार लावलं आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“ऑक्टोबरात तू मला बरं नाही म्हणाला होतास,” ती म्हणाली. “तिथून सांग.”

आइविंदने जॅकेटची एकच बाही घातली होती. दुसरी तशीच लोंबत ठेवून तो खाली बसला.