शेवाळाचं सूप प्याली!

मोक्पो बंदराच्या बाजारात यून्सुलची आई सुकं समुद्री शेवाळ विकते. कुणाच्या घरी बाळंतीण असते, कुणाचा वाढदिवस असतो; सूप करायला शेवाळ न्यायचं ते हिच्याच दुकानातून. आणि हिची स्वतःची लेक मात्र कित्येक वर्षांत वाढदिवसाला त्या सुपाचा एक घोट प्यालेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमच्याकडे कुणी परीक्षेत आपटलं, की 'नापास झाला' असं सरळ म्हणत नाहीत. 'शेवाळाचं सूप प्याला' म्हणतात. बुळबुळीत शेवाळ पोटात गेलं की माणूस घसरणारच. म्हणून परीक्षेच्या दिवशी चिकट तांदळाच्या वड्या खायच्या, म्हणजे यश चिकटतं. आता यून्सुलचं नशीब बघा. देशाचा पोहण्याचा संघ निवडायची चाचणी दरवर्षी नेमकी तिच्या वाढदिवसालाच येऊन धडकायची. मग सूप बंद, वड्या चालू.

यून्सुल दोनशे मीटर बटरफ्लाय पोहायची. शाळेत असल्यापासून तिने राष्ट्रीय स्पर्धांमधून इतकी पदकं आणली, की आईने ती दुकानात शेवाळाच्या जुड्यांबरोबरच टांगून ठेवली होती. पण निवडचाचणीत ती यायची तिसरी. संघात जागा दोन. बाजारात तिला सगळे लाडाने 'तिसरी' म्हणत, आणि ती हसून ओ देई. आतून मात्र तिला ते लागायचं. अंगावर देशाचं जाकीट चढवायचं, एकदाच का होईना, एवढीच तिची हौस होती. आता तिशी जवळ आली. बरोबरच्या पोरी तिला ताई म्हणू लागल्या होत्या. यंदा झालं तर झालं, नाही तर गावच्या तलावावर पोरांना पाय मारायला शिकवायचं, असं तिने प्यो सरांना सांगूनही टाकलं होतं. प्यो सर तिचे कोच. ते "बरं" म्हणाले. जिंकलं काय, हरलं काय, सरांचा चेहरा कायम सुक्या माशासारखा.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती दुकानात आईला हातभार लावत बसली होती. शेजारच्या गाळ्यात सुकी मासळी विकणाऱ्या नाम्जू मावशींनी हाक मारली.

"काय गं तिसरे, उद्या वाढदिवस ना? सूप आहे ना घरी?"

"आईला विचारा, मावशी. साऱ्या गावाला शेवाळ विकते, घरात मात्र बंदी."

"तोंड आवर," आई म्हणाली. "वड्या केल्यात. मुकाट्यानं खा आणि पोहायला जा."

"अगं आई, इतकी वर्षं वड्याच खातेय ना? तिसऱ्या नंबरालाच जाऊन चिकटलेय मी!"

मावशी फसकन हसल्या. यून्सुलला चेव चढला.

"आणि मी काय बाकावर बसून पेपर लिहिते? मी पाण्यात असते. पाण्यात घसरलं तर बरंच की! सर तर म्हणतात, पाण्यातून सुळकन निघायला शीक."

"घसरणं म्हणजे घसरणं. मला नको शिकवूस. मी भोगलंय."

ही कथा बाजारात सगळ्यांना पाठ होती. आई तरुणपणी नगरपालिकेतल्या नोकरीच्या परीक्षेला बसली होती. हुशार होती, अभ्यासही दांडगा. पण त्या दिवशी सकाळी घाईघाईत पातेल्यात उरलेलं शेवाळाचं सूप प्याली, आणि आपटली. पुन्हा बसायचा धीर झाला नाही. मग पोटासाठी या बाजारात येऊन बसली, तीही शेवाळच विकत.

"मग बरं झालं की," यून्सुल म्हणाली.

"काय बरं झालं?"

"तू पास झाली असतीस तर नगरपालिकेत खुर्चीवर बसली असतीस. मग बाबा शेवाळाची बोट घेऊन इथं आले, ते तुला दिसले असते का? तू घसरलीस म्हणून तर मी आहे, आई."

आई जुडी बांधत होती. तिने गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली.

"पोरगी खरं बोलतेय हो," मावशी म्हणाल्या. "आणि नवरा तरी काय वाईट मिळालाय?"

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली, पण नेहमीसारखी खेकसली नाही.

खरं सांगायचं तर यून्सुलला घसरायचं-बिसरायचं काही नव्हतं. वाढदिवसाला जो भेटेल तो आधी विचारतो, "सूप प्यालीस का?" आणि ही दरवर्षी "हो" म्हणून खोटं बोलायची. तिला आपलं आईच्या हातचं सूप हवं होतं, बस.

सकाळी ती उठली ती तिळाच्या तेलाच्या वासाने. मेजावर शेवाळाच्या सुपाच्या दोन वाट्या वाफाळत होत्या. वड्यांचा पत्ता नव्हता.

"बघत काय बसलीस? निवेल ते."

"दोन वाट्या? तू पण पिणार?"

"मग? बाळंतपण कुणाचं झालं होतं, तुझं का माझं?" आई समोर बसली आणि सूप भुरकू लागली. "तुझ्यापायी माझंही इतकी वर्षं बंद होतं."

यून्सुलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. आईने न विचारता ती पुन्हा भरली.

"आणि येतेय मी क्वांग्जूला, तुझ्या चाचणीला," आई म्हणाली. "दुकान आज बंद. घसरायचंच असेल तर माझ्यासमोर घसर."

संध्याकाळी शर्यत लागली. सुपाने हातांत बळ येतं असं कुणी समजू नये. तसं असतं तर मोक्पोतल्या सगळ्या बाळंतिणी संघात गेल्या असत्या. पण मन हलकं असलं की अंगही हलकं होतं, एवढं खरं. नेहमी शेवटच्या फेरीत यून्सुलचे खांदे शिशासारखे जड व्हायचे. आज ते फिरत राहिले. शेजारच्या पट्ट्यातली कोवळी पोर पुढे गेली, तिला ती गाठू शकली नाही. पलीकडे पाणी उसळत होतं, तिकडे तिने पाहिलं नाही. तिने भिंतीला हात लावला.

आता फलक बघायचा. पण चष्म्याशिवाय यून्सुलला समोरचा हत्तीसुद्धा धुकं वाटायचा. तिने काठावर उभ्या प्यो सरांकडे पाहिलं. सुका मासा. झालं, पुन्हा तिसरी, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात प्रेक्षकांमधून बाजारात कमावलेला आवाज आला.

"प्याली! माझी पोर शेवाळाचं सूप प्याली!"

सगळे चपापून वळले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आईच्या हातावर हात ठेवला. "असू द्या हो. पुढच्या वर्षी होईल." एका आजोबांनी तर रुमालही पुढे केला. आणि आई मात्र बरोबर आलेल्या नाम्जू मावशींचे दोन्ही हात धरून नाचत होती.

"प्याली रे प्याली! तिसरीचं नाव पुसलं!"

पाण्यात यून्सुलला हसू आवरेना. नाकात पाणी गेलं, ठसका लागला. पहिली आलेली शेजारची पोर दोरीवरून वाकली.

"ताई, त्या तुमच्या आई ना? असं अभद्र काय ओरडतायत? तुम्ही तर दुसऱ्या आलात!"

"खोटं नाही गं बोलत ती," यून्सुल डोळे पुसत म्हणाली. "चांगल्या दोन वाट्या प्यालेय."