एक वर, एक खाली

"सांग की गं पारवतम्मा, ह्यांचं नाव," गजराबाई पदराचं टोक दातात धरून म्हणाली.

"नवरा तुजा, आन नाव म्या सांगू? अक्षता म्या झेलल्या हुत्या व्हय?"

"बाई थांबल्यात लिवायच्या. सांग गं."

"सिदू!" पारवतम्मानं रानात हाक मारावी तसं नाव घेतलं. खरंच आला की काय म्हणून गजराबाईनं दचकून मागं बघितलं. "सिदू माने. लिवा बाई. आता तू सांग माज्या धन्याचं."

"नागप्पा!" गजराबाईनं लगेच फेड केली, आणि दोघी पदरात तोंड खुपसून हसत सुटल्या.

अयोध्याबाईंनी मांडीवरच्या फळीवर अर्ज नीट केला आणि 'कुटुंबप्रमुखाचे नाव' या पहिल्याच रकान्यात गोल अक्षरात नाव लिहिलं. त्यांनाही हसू आलं होतं. या एका रकान्यानं पहिले दोन दिवस त्यांना रडवलं होतं. एकेका घरी जावं, बाईला समोर बसवावं, पहिला प्रश्न विचारावा, की बाई गप्प. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मग गोठ्यातून नाहीतर पारावरून मालकाला हाक जाई. मालक येई, नाव सांगे, आणि येऊन बसलाच आहे तर पुढची पंचवीस उत्तरंही तोच देऊन टाकी.

"पाणी आणायला किती वेळ लागतो?"

"हाय की हितंच आड. आर्दा घंटा. लिवा."

बाई दारामागं उभी. झालं लिहून.

तिसऱ्या दिवशी अयोध्याबाईंनी आधीचे अर्ज बाजूला टाकले आणि नव्यानं दोन-दोन बायकांना एकत्र बसवलं. हिच्या नवऱ्याचं नाव तिनं घ्यावं, तिच्या नवऱ्याचं हिनं. आणि काय सांगावं, नळाची तोटी सुटावी तशी तोंडं सुटली.

अयोध्याबाई खालच्या गावातल्या बालवाडीच्या बाई. सातवी पास. मालक वारले तेव्हा वय चोवीस, आता अडतीस. चौदा वर्षं त्या गावाची पत्रं लिहीत आल्या होत्या. सासुरवाशिणीचं माहेरी, आईचं फौजेतल्या लेकाला. सांगणारी सांगे, त्या लिहीत, आणि पाकीट चिकटवायच्या आधी सगळं पत्र वाचून दाखवीत. "असंच म्हणायचंय ना गं?" असं विचारल्याशिवाय त्यांच्या हातून पत्र कधी गेलं नाही. एवढीच त्यांची विद्या. त्र्याहत्तरच्या फाल्गुनात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं दुष्काळाची पाहणी काढली आणि लिहिता येणारी बाई म्हणून परंड्याच्या कचेरीतून त्यांचं नाव गेलं.

पाहणीत गावाचा जीव अडकला होता. बोअर मारायचं मशीन तालुक्यात फिरत होतं आणि गावाच्या वाट्याला एकच भोक येणार होतं. ज्या वस्तीला पाण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ मोडावा लागतो, तिथं मशीन जाणार. खालच्या गावात दोन विहिरींना अजून ओल होती. माळावरच्या वरवस्तीला बावीस घरांत एक आड, त्याच्याही तळाला वाटीभर झरा. अयोध्याबाईंनी वरवस्तीचे बावीस अर्ज भरले. कुणाचे अडीच तास, कुणाचे तीन. सगळे वाचून दाखवले. मग तपासनीस आले.

तपासनीस म्हणजे धाराशिवचे रामलिंग गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, काळी टोपी, बगलेत छत्री, हातात निळं नियमपुस्तक. माणूस देवाचा. दर गुरुवारी भजनात टाळ धरणारा, कीर्तनाला सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंजी झटकणारा. अर्ज चाळता चाळता 'मुलाखतीस हजर' हा रकाना सगळीकडे कोरा दिसला आणि त्यांची भुवई वर गेली.

"अयोध्याबाई, मुलाखतीला दुसरी बाई हजर होती?"

"व्हय गुरुजी. जोडीनंच बसवल्या."

गुरुजींनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. उत्तर देणारी व्यक्ती एकटी असावी. इतर कुणी हजर असल्यास अर्ज बाद.

"मी फेरतपासणी करतो," ते म्हणाले. अयोध्याबाईंना त्यांनी लिंबाखाली थांबवलं आणि गजराबाईला एकटीला ओट्यावर बोलावलं. गजराबाई डोक्यावरून पदर ओढून भिंतीला चिकटून उभी राहिली.

"पाणी आणायला किती वेळ लागतो, बाई?"

"काय म्हाईत... जातो आन येतो."

"अर्धा तास?"

"आसंल की."

"की तीन तास?"

"तुमी म्हंता तर आसंल."

गुरुजींनी सुस्कारा टाकून पेनाचं टोपण लावलं. लिंबाखाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई, ही तर काहीच सांगू शकत नाही. दुसरीनं पढवलेलं बोलली असणार. मला बावीसच्या बावीस बाद करावे लागतील."

 अयोध्याबाईंनी आवाज चढवला नाही.

"गुरुजी, ती सांगणार कशी? ती खालची हाय."

"खालची म्हणजे?"

"आडात एक उतरती, एक वर दोर धरती. एकटीनं तिथं पाणी येतच न्हाय. गजरा हडकुळी, म्हणून ती खाली. करवंटीनं झरा खरवडून पोहरा भरती. खाली अंधार. तिला ऊन दिसत न्हाय, सावली दिसत न्हाय. किती वेळ गेला हे वरच्या पारवतम्मालाच ठावं. आन खाली झऱ्याला किती वाट्या पाणी सुटलं, हे गजरालाच ठावं. दोघींचं मिळून एक उत्तर हाय, गुरुजी. एकटीला विचारलं की निम्मंच मिळतं."

 अयोध्याबाईंनी जरा धीर केला.

"कीर्तनात बुवांना चरण आठवला न्हाय, तर मागचा टाळकरी धरून देतो. तुमी सोता दिला आसंल. म्हणून अभंग खोटा होतो का?"

गुरुजींच्या ओठावर हसू आलं आणि गेलं. "कीर्तनाला बाद करणारं पुस्तक नाही, बाई. इथं आहे." मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. "एक वाट आहे. तपासनीसानं स्वतः खात्री केली, तर अर्ज धरता येतो. उद्या पहाटे मी आडावर येतो."

आले. झुंजूमुंजू व्हायच्या आत, मनगटावरचं घड्याळ चावी देऊन. आडाच्या काठाशी दगडावर बसले, अर्ज मांडीवर. बायका आल्या, घागरी टेकवल्या, आणि उभ्या राहिल्या. कुणी दोर सोडीना. कुणी हंडा घासायला लागली, कुणी उगाच केसांतलं गवत काढायला. दिवस कासराभर वर आला.

"अयोध्याबाई," गुरुजी हळूच म्हणाले, "ह्या तर नुसत्या गप्पा मारताहेत. आडावर बायका उगाच वेळ काढतात, असं गडी माणसं म्हणतात ते खोटं नाही मग."

अयोध्याबाई पारवतम्माकडे गेल्या. "का गं, उतरंना का गजरा?"

पारवतम्मा कुजबुजली, पण तिची कुजबूज अर्ध्या माळाला ऐकू जाई. "लुगडं मांडीपत्तोर खोचल्याबिगर आडाच्या भितीतल्या खाचांत पाय ठरतोय व्हय? आन हे बाबा काठावर टकामका बघत बसल्यात. सासऱ्याच्या वयाचं मानूस. म्हणावं, तुमच्या घरची सून उतरवा आदी!"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अयोध्याबाईंना वाटलं, संपलं आता. बघितल्याशिवाय खात्री नाही आणि बघत बसलं तर काम नाही. पुण्याच्या कुणी हे पुस्तक लिहिताना ह्या आडाच्या खाचा कुठं बघितल्या होत्या?

गुरुजी उठले. छत्री उचलली, वीसेक पावलं चालत बाभळीपर्यंत गेले, आणि आडाकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसले.

"चालू द्या, माय," ते समोरच्या उजाड माळाला सांगावं तसं म्हणाले. "मी ऐकतो."

मग दोर सुटला. खाचेत पाय घासल्याचा आवाज, खाली गेलेला, आणखी खाली गेलेला. करवंटी दगडावर खरवडली जाऊ लागली. खर्र... खर्र... बराच वेळ तेवढंच. मग तळातून गजराबाईची हाक आली, घुमत, "वढ!" काठावरच्या दगडावर दोर करकरला. पोहरा घागरीत ओतल्याचा आवाज इतका थोडा, की गुरुजींनी मान किंचित वाकडी केली. त्यांनी एक खडा उचलून पुढ्यात ठेवला.

"सावली दगडाला टेकली गं!" पारवतम्मा आडात वाकून ओरडली. "दमली का?"

"दमून कुटं जाऊ? वर तू हायेस, खाली यम हाय!"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्तर झोपलं वाटतं."

"नाही बाई," गुरुजी पाठ न वळवता म्हणाले. "सोळावा पोहरा आहे."

 मग पुन्हा खर्र... खर्र...

ऊन मानेवर आलं तरी ते हलले नाहीत. गजराबाई वर आली तेव्हा खड्यांची रांग एकोणतीसपर्यंत गेली होती आणि घड्याळात दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. दोघींच्या मिळून तीन घागरी. पुढच्या जोडीनं लुगडी खोचली, ती उतरली, तिचेही खडे लागले. दिवस डोक्यावर आला, तेव्हा त्यांनी अयोध्याबाईंना हाक मारली.

"आतापर्यंतच्या जोड्यांचं तुमच्या अर्जाशी जुळतं," ते म्हणाले. त्यांनी शेवटच्या रकान्यावर पेन टेकलं आणि थांबले. तिथं छापलं होतं: प्रत्यक्ष पाहून खात्री केली.

"करा की सही, गुरुजी."

"मी पाहिलेलं नाही, बाई."

"आता तेवढ्यावरून..." अयोध्याबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "छापील अक्षरं हायेत ती. कोण इचारतंय?"

"गावात ऐकलंय मी. तुम्ही पत्र वाचून दाखवल्याशिवाय पाठवता का?"

 गुरुजींनी 'पाहून' वर एक सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'ऐकून' लिहिलं, आणि 'मुलाखतीस हजर' या रकान्यात 'दोघी, कामच दोघींचे' असं लिहून सही ठोकली. आड एकच, दोर एकच, म्हणून बावीसही अर्जांवर. "बाद केले, तर मी पुन्हा येईन," ते म्हणाले. "पुन्हा इथंच बसेन."

त्या खाडाखोडीवरून पुण्याहून दोन खरमरीत पत्रं आली, हे मागाहून कळलं. मशीन वैशाख संपता संपता वरवस्तीच्या माळावर चढलं. पण ते पुढचं.

त्या दिवशी सकाळच्या पाळीच्या शेवटच्या घागरी डोक्यावर चढल्या, पायवाटेवरचे बायकांचे आवाज घरांकडे गेले, आणि माळ पुन्हा मोकळा झाला. गुरुजी तसेच बाभळीकडे तोंड करून बसले होते. वळा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"गेल्या, गुरुजी," अयोध्याबाई म्हणाल्या. "आता वळा."

ते वळले. काठावर कुणी नव्हतं. घासलेल्या दगडावर एक पितळी तांब्या होता, वर करवंटी उपडी झाकलेली.

"गजरानं ठेवलाय. तुमच्यासाठी."

"नको, नको. त्यांच्या घरी..."

"न्हाय म्हणू नका. तिला वाईट वाटंल."

गुरुजी तांब्याजवळ गेले. करवंटी काढून आत बघत राहिले.

"किती पोहरे असतील हे?"

"निम्माच. एका पोहऱ्यातला निम्मा घागरीत, निम्मा ह्याच्यात."

त्यांनी टोपी काढून दगडावर ठेवली. तांब्या दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला न लावता वरून धार धरली, आणि एक थेंबही मिशीवर न सांडता, थांबत थांबत, शेवटपर्यंत प्याले.