मी चढत नाही, उतरतो

मी एक लाकडी शंकू बोलतोय. खरं तर दुहेरी शंकू. दोन भोवरे रुंद बाजूंनी एकमेकांना चिकटवावेत, तसा. भाईंदरच्या एका सुताराने मला घडवलं आणि २००४ साली मीरा रोडच्या एका छोट्या विज्ञान केंद्रात दोन तिरक्या दांड्यांवर ठेवलं. खालच्या टोकाला सोडलं की मी आपला आपण वरच्या टोकाकडे गडगडत जातो. लोक तोंडात बोट घालतात.

पण मी चढत नाही हो! वर जाताना दांड्या फाकत जातात आणि माझं पोट त्यांच्यामध्ये खाली बसत जातं. बाजूने वाकून पाहिलं तरच हे दिसतं. वाकतो कोण? शिकलेली माणसं उभ्याउभ्या माझ्याशेजारची 'गुरुत्वमध्य' वगैरे लिहिलेली पाटी वाचतात, "चुंबक असणार" म्हणतात आणि चालू लागतात.

लोक माझ्याकडून काय शिकतात याचा अभ्यास करायला अंबिका आली. तेवीस वर्षांची पोर, सहा महिने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. कोण किती थांबलं, कुणी हात लावला, कोण काय म्हणालं, सगळं वहीत.

एकदा काशीमीऱ्याच्या गोदामात काम करणारी सुलू लेकीला घेऊन आली. पाटी तिला वाचता येईना. तिने मला सातदा सोडलं, मग सरळ फरशीवर बसली.

"दिव्या, बस हितं. ह्यो वर नाय जात गो! बघ, पोट खाली चाललंय त्याचं!"

अंबिकाने ते इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

केंद्राचे प्रमुख गुणवंत सर मात्र माझ्या पॉलिशच्या काळजीत. त्यांना मला काचेच्या पेटीत घालायचं होतं.

"सर, हात लावल्याशिवाय कुणालाच कळत नाहीये. माझ्या वहीत..."

"वही म्हणजे तुझं मत, बाळा. पाटी वाचून कळतं की नाही, परीक्षाच घेऊ. कळलं तर पेटी."

शाळेची सहल आली. मुलांनी नुसती पाटी वाचली, मग प्रश्नपत्रिका वाटल्या. मुलं पेनं चावत बसली. तेव्हा त्यांचे मास्तर हात मागे बांधून फिरू लागले.

"हं, लिहा. शंकूचा गुरुत्वमध्य खाली जातो. पूर्णविराम."

झाडून सगळ्यांची उत्तरं बरोबर.

"सर, हे सांगून लिहवून घेतलंय!" अंबिका ओरडली.

"मग?" गुणवंत सर खरोखरच गोंधळले. "शिकवणं आणखी वेगळं काय असतं?"

तिने वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि गेली. ती वही कुणी उघडली नाही.

सोमवारी पेटी आली. हललो तर काच फुटेल म्हणून मला खिळा ठोकून पक्कं केलंय. पाच वर्षं झाली. पॉलिश अजून झकास आहे.

काल एका चिमुरडीने काचेला नाक लावून विचारलं, "पप्पा, ये करता क्या है?"

"कुछ नहीं बेटा. रखा है."

तिने शहाण्यासारखी मान डोलावली. मान डोलवू नकोस गं, भांड त्यांच्याशी! मी जीव तोडून ओरडलो.

काच जाड आहे.