आत्याचं अडकणारं दार

चर्चची किल्ली आमच्या आत्याकडे होती आणि त्या किल्लीच्या जोरावर ती सगळ्या गावावर रुबाब करायची. चर्च गावापासून लांब, टेकडीवर, एकटंच. पूर्वी गाव त्याच्याभोवतीच होतं म्हणे. मग वरचा झरा आटला आणि लोक भांडीकुंडी घेऊन खाली ओढ्याकाठी उतरले. चर्च काही उचलून नेता आलं नाही. तेव्हापासून ते तिथेच आहे. दगडी, बुटकं आणि जरासं रुसलेलं. आत एका खांबावर जांभई देणारा चेहरा कोरलाय. त्या काळचे धर्मगुरू प्रवचन आवरतच नसत, म्हणून पाथरवटाने सूड उगवला, असं आत्या सांगते. मी तर त्या चेहऱ्यासाठीच वर जायचे.

बाकी कोणी फिरकत नसे. म्हणून चर्चच्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून एक साहेब पाहणीला आले. "माणसंच येत नसतील तर कुलूप लावलेलं बरं," असं त्यांनी टेकडी चढतानाच सांगून टाकलं. आत्याचा चेहरा उतरला. रोज सकाळी ती दार उघडते, फरशी झाडते, जांभईवाल्याच्या नाकावरची धूळ पुसते. हे बंद झालं तर तिने करायचं काय? मला साहेबांचा असा राग आला की विचारू नका.

आता त्या दाराविषयी. ते आतून पूर्ण लोटलं की अडकतं आणि बाहेरून कोणी खांदा दिल्याशिवाय उघडत नाही. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी आत अडकलाय. अडकलेल्याने घंटा वाजवायची, अशी आमची रीत. त्यामुळे भलत्या वेळी घंटा झाली की अख्खं गाव हातातलं काम टाकून टेकडी चढतं. कोणाची फजिती झालीय ते बघायचं असतं ना! येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आत्या आधी हेच बजावते, "दार लोटू नका हं."

त्या दिवशी म्हणाली, "साहेब, वारा फार आहे. दार नीट लावून घ्या. काही लागलंच तर घंटा आहे."

थोड्या वेळाने आतून धडका ऐकू आल्या, मग हाका. मी उठले तर आत्याने हात धरून मला कठड्यावर परत बसवलं.

"घाई काय आहे? बघू देत की निवांत."

शेवटी घंटा वाजली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला, शिक्षिका अख्खा वर्ग घेऊन आली, सुतार हातात रंधा तसाच घेऊन आला. आत्याने खांदा दिला आणि लालबुंद झालेले साहेब बघायला सगळे आत घुसले. घुसले ते बसलेच. बेकरीवाल्याला त्याच्या आईचा बाक सापडला आणि त्याचे डोळे भरून आले. मुलं जांभईवाल्यासमोर जांभया देऊ लागली. कोणीतरी जुनं गीत सुरू केलं, बाकीच्यांनी सूर धरला. साहेबांना बसायला जागाच उरली नाही.

गीत संपेपर्यंत ते खांबाला टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "चर्च चालू राहील."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"दार मात्र उद्याच दुरुस्त करून घेतो."

टाळ्या थांबल्या. आत्या हळूच म्हणाली, "मग इथे येईल कोण, साहेब?"

सुताराने रंधा पाठीमागे लपवला.

"गावात सुतार मी एकटाच," तो म्हणाला. "आणि उद्या मला वेळ नाही."

"मग परवा?"

सुताराने आत्याकडे पाहिलं. "परवाही नाही."