पर्समधला प्रसाद

सोमवारी तनय कॉलेजला गेला नाही, तर त्याची हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली जाणार होती आणि कॉलेज इमिग्रेशनला कळवणार होतं. म्हणजे व्हिसाच्या नावाने आंघोळ. हे मी त्याला रडून, ओरडून, हातापाया पडून, सगळ्या प्रकारे सांगून बसले होते. माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, कुकरीच्या कोर्ससाठी नाशिकहून परदेशात, क्लेटनला आलेला, तीन आठवडे खोलीबाहेर पडला नव्हता. स्टेशनमागच्या गल्लीत, भर दुपारी, शिफ्टवरून येताना चौघांनी त्याला धरून मारलं होतं. फोन नेला, बॅग नेली, दोन बरगड्यांना तडे गेले. बरगड्या जुळत आल्या, पण दाराच्या कडीला हात लावला की त्याला अजून घाम फुटायचा.

दोन हजार नऊचा मार्च होता. दर आठवड्याला कुणीतरी इंडियन स्टुडंट मार खात होता. आई फोनवर एकच म्हणायची, परत या. आणि मी तनयला म्हणायचे, "घाबरट आहेस तू. मी नाही जात त्याच गल्लीतून रोज युनिव्हर्सिटीला?" जायचे, पण चाव्या मुठीत धरून जायचे, हे त्याला कशाला सांगू.

खोली त्याच गल्लीतल्या अँग्लिकन चर्चची होती. बाकीचे घरमालक आमची नावं ऐकूनच फोन ठेवून द्यायचे. चर्चने आपल्या जुन्या घराची मागची बाजू दिली, म्हणून आम्ही छपराखाली होतो. ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्यांचा लेंट असतो. आपण श्रावण पाळतो तसं तेही काहीबाही सोडतात. फुलं बंद, क्रॉसवर जांभळं कापड. चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डन मिसेस गिलक्राइस्ट, वय ऐंशीच्या घरात, यांनी साखर सोडली होती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. दर बुधवारी दुपारी प्रार्थना झाली की हॉलमध्ये सगळ्यांना सूप आणि ब्रेड. मी मागच्या बाकावर गप्प बसायचे आणि नंतर तनयसाठी डबा भरून न्यायचे. देवाशी माझं काही देणंघेणं नव्हतं, सूपशी होतं.

त्या बुधवारी मात्र लोक उठून पुढे जायला लागले तशी मीही उठले. सोमवार डोक्यावर होता. गणपती झाले, स्वामी झाले, आता याच देवाला सांगून बघू, असं वाटलं. पुढच्या बाईंनी केले तसे हात केले. व्हिकर, म्हणजे तिथल्या धर्मगुरू बाई, यांनी तळहातावर पातळ, पांढरी चकती ठेवली आणि काहीतरी पुटपुटल्या. बाकीच्यांनी ती तिथल्या तिथे तोंडात टाकली. पण घरात आजारी माणूस असताना प्रसाद एकटीने खायचा, हे मला जन्मात जमणार नाही. मी चकती स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

मान वर केली तर मिसेस गिलक्राइस्ट माझ्याकडे बघत होत्या. रंग उडाला होता त्यांचा. प्रार्थना संपताच त्या काठी टेकत माझ्या दिशेने निघाल्या. "डिअर, ते तुम्ही नेऊ शकत नाही. थांबा."

मी थांबले नाही. सूपसुद्धा न घेता पळाले. काय केलं मी? त्यांचा देव चोरला? आता खोली जाणार, इथून काढलं तर दुसरं कोण घेणार आम्हाला, पत्ता नाही, हजेरी नाही, पोरगं विमानात. गल्लीत मागे काठीचा आवाज येत होता. मी घरात शिरले, कडी लावली, वरची साखळी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.

तनय पलंगाच्या कोपऱ्यात सरकला. "कोण आहे मागे?"

"कोणी नाही. बोलू नकोस. हा प्रसाद आहे, खा पटकन."

"ताई, कोण आहे?"

दारावर थाप पडली. तनयने कान दाबून घेतले. मी त्याला खुणेने सांगितलं, हलू नकोस. म्हणजे तीन आठवडे ज्या गोष्टीसाठी मी त्याला बोलत होते, तीच मी त्याला करायला सांगत होते. दुसरी थाप पडली. माझे दात वाजायला लागले. मला माझीच लाज वाटली, पण ते थांबेनात.

तनय माझ्याकडे बघत राहिला. मला असं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मग तो भिंतीला धरून उठला, मला बाजूला केलं आणि साखळी काढली. कडी काढताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मिसेस गिलक्राइस्ट धापा टाकत उभ्या होत्या. एकट्याच. रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, "ते कुठे पडलं तर नाही ना? ते आम्ही प्रभूचं शरीर मानतो, घरी ठेवत नाहीत, डिअर. चूक आमची, आम्ही सांगायला हवं होतं. फक्त परत द्या. व्हिकर वाट बघतायत."

"आणि खोली?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी हात पुढे केला, मग काठीकडे बघितलं. "एका हाताने नेताना माझ्याकडून पडेल. कुणी चर्चपर्यंत आणून देईल?"

मी पर्समधून रुमाल काढला. माझे हात लटलटत होते.

"तू पाडशील," तनय म्हणाला. "दे इकडे."

"तू? अरे, त्याच गल्लीतून जायचंय."

"माहितीये मला." त्याने ओंजळीत रुमाल घेतला आणि उंबरा ओलांडला. पायात घरातल्या स्लीपर होत्या. म्हातारीच्या सोबत, तिच्या चालीने एकेक पाऊल टाकत, तो गल्लीत शिरला. समोरून टोपीवाली तीन पोरं येत होती. तनयचे दोन्ही हात अडकलेले, कुणी अंगावर आलं असतं तर तोंडावर धरायलाही मोकळे नव्हते.

तीन आठवडे मी त्याला बाहेर ढकलत होते. आता तो बाहेर होता आणि 'तनय, परत ये' हे शब्द माझ्या घशापर्यंत आले होते. त्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला.